भूक आसा तर बस

शालूच्या हातातली बिंदली कोपरापर्यंत सरकते, हे लक्षात आलं त्या रात्रीपासून माझी झोप उडाली. पोर साडेतीन वर्षांची, आणि जेवत नाही. मासिकात लिहिलं होतं की मुलांना हसत-खेळत भरवावं. मी हसले, खेळले, एकदा तर नाचलेसुद्धा. शालूने टाळ्या वाजवल्या आणि तोंड मिटून घेतलं!

त्यातच गणपतीला आल्या असताना सासूबाई सांगून गेल्या, "दिवाळीला येईन. तोवर पोर अंगाला लागली नाही, तर मी तिला सावंतवाडीला घेऊन जाईन. तुला जमत नाही, त्याला तू तरी काय करणार!" शेवटचं वाक्य त्या समजुतीने बोलल्या, म्हणून ते जास्त लागलं. 'हे' हायस्कुलात भूगोल शिकवतात. अख्ख्या वर्गाला गप्प करतात, पण आईपुढे स्वतःच गप्प होतात.

या सगळ्यात मला तारलं ते भागीकाकीच्या खानावळीने. इतकं वाईट वाढणारी खानावळ मालवणात दुसरी नसेल. मी याच गावची. लहानपणी बाबांचं बोट धरून तिथे जायची, तेव्हाही वाढणं असंच होतं. तिथले किस्से कधी कुणी जमवत नाही. मागच्या दारी करवंट्या साठाव्यात तसे ते आपोआप साठतात. त्यातले हे थोडे.

*

भागीकाकीची पद्धत एकच. किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढून होईपर्यंत ती चूल पेटवत नाही. जाळ्यात काय आलं ते बघायचं, मग वाटण ठरवायचं. शिळा मासा तिच्या उंबऱ्याच्या आत येत नाही, आणि ताजा मासा वेळेवर येत नाही!

एकदा रत्नागिरीहून योजनेचे कसलेसे साहेब आले. जीप, टोपी, बरोबर पट्टेवाला. पडवीतल्या बाकावर बसून त्यांनी विचारलं, "आज मासा कुठला आहे?"

"ठावक नाय," काकी आतूनच म्हणाली.

"म्हणजे? मासा आहे की नाही?"

"आसा. अजून दर्यात आसा."

साहेब चिडले. "मग आम्ही काय करायचं?"

काकीने दारातून डोकं बाहेर काढलं. "भूक आसा?"

"आहे!"

"भूक आसा तर बसा."

साहेब बसले. जेवून उठल्यावर त्यांनी पट्टेवाल्याला विचारलं, "संध्याकाळी इथे काय काम काढता येईल?"

*

वाढायचं काम काकीच्या नवऱ्याचं, म्हणजे तातूंचं. तातू तरुणपणी गलबतावर होते, आणि मनाने अजून तिथेच आहेत. पानात भात पडतो, आमटी येते, आणि नेमकी त्याच वेळी तातूंना एखादी गोष्ट आठवते.

बाबांबरोबरचा एक दिवस मला अजून दिसतो. पडवीत सात-आठ पानं, प्रत्येकावर कोरडा भात. तातू एका हातात टोप आणि दुसऱ्या हातात भरलेला डाव घेऊन उभे. गोष्ट तुफानाची. डाव म्हणजे डोलकाठी! डोलकाठी डावीकडे कलली की जेवणारे डावीकडे कलत, उजवीकडे कलली की उजवीकडे. शेवटी शीड फाटलं, देवाचा धावा झाला, गलबत सुखरूप बंदराला लागलं, आणि तातूंनी डाव होता तसा टोपात रिकामा केला.

"तातू, भात!" बाबा कळवळून म्हणाले.

"भात खंय पळान जाता?" म्हणत तातू दुसरी गोष्ट सुरू करणार, तोच आतून काकी गरजली. ती काय म्हणाली ते लिहिण्यासारखं नाही. आमटी मात्र लगेच आली.

*

लग्न झालेल्या बाईने खानावळीत जेवायला जायची आमच्याकडे रीत नाही. पण एका दुपारी शालूने मऊ भाताची वाटी माझ्या अंगावर उपडी केली, आणि मी रडतरडत लुगडं बदललं, दाराला कडी घातली, तिला काखोटीला मारलं आणि थेट भागीकाकीकडे गेले. बायकांना ती आत, चुलीजवळ बसवते.

रापण यायची होती. आम्ही बसलो. शालू उठली, मांजरामागे गेली, कोंबडीमागे गेली, परत आली. कुणी तिच्याकडे बघेना. चुलीवर बांगड्याचं तिखलं रटरटू लागलं तेव्हा ती माझ्या मांडीवरून उतरून गुपचूप पानासमोर बसली. काकीने भात वाढला. माझा हात सवयीने घास करायला पुढे गेला.

"तिका हात लावू नको," काकी म्हणाली. "भूक लागली की खायत ती. तू आपला जेव."

"पण काकी, काटे?"

"काटे काढ. घास घालू नको."

मी काटे काढले. शालू जेवली! भात मागून जेवली, बोटं चाटली. माझ्या डोळ्यांना पाणी आलं.

काकीने माझ्याकडे निरखून पाहिलं. "रडतंस कित्याक गो? तिखाट झाला?"

*

हीच युक्ती मी घरी करून पाहिली. उशिरा चूल पेटवली, तोंड फुगवलं, आणि काकीच्या आवाजात ओरडले, "भूक आसा तर बस!"

शालू खदखदा हसली आणि परसात पळाली. 'हे' मात्र हातातलं वर्तमानपत्र टाकून पाटावर येऊन बसले. त्या दिवसापासून आमटीत मीठ कमी आहे, असं त्यांनी एकदाही म्हटलेलं नाही.

शालूपुरती मात्र माझी खात्री पटली की ओरडणंसुद्धा अंगात असावं लागतं. मग आठवड्यातले दोन-तीन दिवस आम्ही काकीकडेच जेवू लागलो.

*

वाट बघणाऱ्यांना काकी रिकामं बसू देत नाही. हाताशी जो असेल त्याच्यापुढे ती विळी आणि नारळ ठेवते. मास्तर, फौजदार, कुणीही असो. एका दुपारी ही पाळी आमच्या डॉक्टरांवर आली होती. मी संधी साधून आतल्या दारातूनच विचारलं, "डॉक्टर, शालूला टॉनिक द्यावं का? की रक्त तपासायचं? तिचा रंग तुम्हाला पिवळट वाटतो का?"

डॉक्टरांनी खोबरं खवणं थांबवून शालूकडे पाहिलं. ती मांजराची शेपटी धरून अंगणात धावत होती.

"मुलगी ठणठणीत आहे," ते म्हणाले. "आईला झोपेचं औषध लिहून देतो."

मी ओशाळले. तेवढ्यात काकी आली, परातीत बघितलं आणि म्हणाली, "डॉक्टर, जरा बारीक! तो नारळ आसा, पेशंट न्हय."

आता डॉक्टर ओशाळले.

*

दसऱ्याच्या सुमाराला मला ताप आला. 'हे' परीक्षेच्या कामाला कुडाळला गेलेले. कुणीतरी काकीला सांगितलं असावं. सकाळी तिने पेज देऊन तातूंना पाठवलं, आणि तातू दुपारी उन्हं कलल्यावर पोचले!

"वाटेत भजन लागला," ते म्हणाले. "मगे काय करू?"

पेज थंडगार, वर साय धरलेली. त्यांच्या मागोमाग काकी धापा टाकत आली. आधी तिने त्यांची हजेरी घेतली, मग पेजेत बोट घालून बघितलं, आणि सरळ माझी चूल पेटवली. मी पडल्यापडल्या ऐकत होते: "लाकडा ओली... ह्यो टोप कोण घासता... मिठाची बरणी खंय लपयलंस गो?"

त्या दिवशी खानावळीत लोक ताटकळून परत गेले, हे मला नंतर कळलं. मी आभार मानायला गेले तर काकी म्हणाली, "तुझी चूल धुरकटता. आधी ती सारखी करून घे." गरम पेजेची वाटी माझ्या हातात देताना तिने माझ्या कपाळावर हात ठेवला होता. तो खरखरीत हात मी विसरणार नाही.

*

आणि दिवाळी आली. सासूबाई आल्या. मामंजी संस्थानात कारकून होते, त्यामुळे सासूबाईंचं सगळं अदबीचं. आल्या त्या संध्याकाळी त्यांनी शालूला भरवायला घेतलं आणि शालूने तोंड मिटलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडून निघून गेलं, "भागीकाकीकडे जेवते ती."

"खानावळीत?" त्या म्हणाल्या. "दाखव."

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. 'हे' बाहेर पडवीत, आम्ही तिघी आत. रापण अजून आली नव्हती.

"आम्हाला असं थांबायची सवय नाही," सासूबाई म्हणाल्या.

"मगे जरा फिरान येवा, वैनी," काकी म्हणाली.

अखेर पानं वाढली गेली. भात, आमटी, आणि प्रत्येकीच्या पानात एकेक तळलेला बांगडा. शालूच्या बांगड्याचे काटे मी काढून ठेवले. सासूबाईंनी स्वतःच्या पानाला हात न लावता शालूचं पान जवळ ओढलं. "हा घास काऊचा, हा घास चिऊचा..."

शालूचे ओठ घट्ट. आजच, बाई?

काकी चुलीपासून उठली, शालूचं पान परत तिच्यापुढे सरकवलं आणि म्हणाली, "काऊ-चिऊ भायर जेवतत. तुमी तुमचा जेवा, वैनी."

सासूबाईंचा चेहरा लाल झाला. त्यांनी आपलं पान दूर सारलं. "झालं माझं," त्या म्हणाल्या. मग काकीला ऐकू जाईल असं, पण माझ्याकडे बघत म्हणाल्या, "उद्याच्या गाडीने मी निघते. शालूचे कपडे बांधून ठेव."

बाहेर पडवीतलं 'ह्यांचं' भुरकणंसुद्धा थांबलं. तातू आमटीचा डाव घेऊन दारात उभे होते, आणि त्यांना एकही गोष्ट आठवत नव्हती.

सासूबाई शालूकडे वळल्या. आवाज एकदम मऊ करून त्यांनी विचारलं, "चल गं माझ्याबरोबर. छान लाकडी खेळणी घेऊन देईन. आणि तिथे तुला जेवायला कुणी असं ताटकळत ठेवणार नाही. येतेस ना आजीकडे?"

शालूने मान वर केली. आमचं बोलणं चाललं होतं तेवढ्या वेळात तिचं पान लख्ख झालं होतं, आणि हनुवटीपर्यंत मसाला लागला होता. तिने आजीकडे पाहिलं, मग आजीने दूर सारलेल्या पानाकडे पाहिलं.

"आजी," ती म्हणाली, "तो बांगडो तू खातलंस, काय मी खांव?"