चावडीवरून काढलेले सरपंच

सरपंच आयुष्यात कुठल्याही निवडणुकीला उभे राहिले नाहीत. आंजीला त्यांची वांगी-भेंडीची वाडी होती आणि मोबाइलवर ‘भाजीपाला चावडी’ नावाचा गट. तो त्यांनीच सुरू केला, त्यातले तंटेही तेच सोडवायचे, म्हणून सगळे त्यांना सरपंच म्हणत. मी वडनेरचा, वर्धेला नोकरीला. “तुह्यं मराठी शुद्ध आहे, नियम तू लेह,” म्हणून त्यांनी मला मॉडरेटर केलं.

कोणी कोणाला ट्रोल म्हटलं की तक्रार आमच्याकडे यायची. मी लगेच गटातून काढायच्या बटणाकडे धावायचो. सरपंच आधी फोन लावायचे आणि ज्याच्यावर आरोप असेल त्याला त्याचीच कमेंट मोठ्याने वाचायला लावायचे. निम्मे लोक दुसऱ्या ओळीतच ओशाळत आणि म्हणत, काढतो काकाजी. मग तक्रार करणाऱ्यालाही तीच वाचायला लावत. काही जण वाचता वाचता हसू लागायचे. या नादात सरपंचांचं जेवण थंड व्हायचं आणि काकू चिडायच्या.

कारंजा घाडग्याचा एक माणूस प्रत्येक टमाट्याच्या फोटोखाली “फवारा कधी मारला?” एवढंच विचारायचा. लोक वैतागले. माझ्या मते तो सरळसरळ ट्रोल होता. सरपंचांनी फोन केला तेव्हा कळलं, की फवारलेल्या शेतात तोडणी करताना त्याची बायको चक्कर येऊन पडली होती आणि फवारल्यावर किती दिवस थांबायचं हे त्याला कोणी सांगत नव्हतं. सरपंच मला म्हणाले, “ज्याले उत्तर पाह्यजे तो ट्रोल नाई. उत्तर देल्यावर बी तोच प्रश्न घेऊन आला, तं मंग पाहू.” त्याला उत्तर मिळालं. त्याने पुन्हा विचारलं नाही.

पुढे गट वाढला. पुण्या-नाशिककडचे बागायतदार आले, सल्लागार आले, आणखी दोन मॉडरेटर तिकडचेच झाले. काढायचा-ठेवायचा अधिकार आम्हा सगळ्यांना सरपंचांनीच भरवशाने देऊन ठेवला होता. नव्या मंडळींनी माझ्या मराठीचं कौतुक केलं आणि मी शेफारलो, खोटं कशाला बोलू.

एका सल्लागाराने वांग्याला चार टॉनिक एकत्र द्यायची कृती टाकली. सरपंचांनी खाली लिहिलं, “काऊन बे, वांग्याचं लगन आहे का? एवढं काय पाजून राह्यला त्याले?” आमच्याकडचे खूप हसले. सल्लागार भडकला. मला ‘बे’ म्हणून ट्रोल केलं जातंय, अशी त्याने तक्रार केली आणि त्याच्या ओळखीच्यांनीही पटापट केल्या.

त्या दोघा नव्या मॉडरेटरांनी मला विचारलं, तुमच्याकडे ‘बे’ ही शिवी आहे का? मला माहीत होतं. आमच्याकडे बाप पोराला बे म्हणतो, मित्र मित्राला म्हणतो. सरपंचांनी त्या माणसाला आपल्यातला समजून थट्टा केली होती, एवढी एक ओळ मला लिहायची होती. मी लिहिलं, “ते संदर्भावर अवलंबून आहे.” असं वाक्य आंजी-वडनेरात आजवर कोणी बोललं नसेल. सरपंचांना कोणी फोन केला नाही. सरपंचांना गटातून काढायला कारणांच्या यादीतून एकाने ‘ट्रोलिंग’ निवडलं, माझी संमती मागितली आणि मी ती दिली.

चावडी आता फार सभ्य आहे. सल्लागार औषधं विकतात आणि प्रश्न विचारणारा दुसऱ्या दिवशी दिसत नाही. नियमांत शुद्धलेखनाची एकही चूक नाही. मला त्या गटाची किळस येते, आणि तरी मी तो रोज उघडतो.

मागच्या आठवड्यात वर्धेच्या बाजारात सरपंच वांगी घेऊन बसलेले दिसले. मी मागे वळणार होतो, पण त्यांनी पाहिलं. जवळ जाऊन म्हटलं, “काकाजी, माह्यं चुकलं.” ते वांगी निवडून पिशवीत भरत राहिले. इतकी वर्षं या माणसाने मला ‘काऊन बे’शिवाय हाक मारली नव्हती. पिशवी माझ्या हातात देत ते माझ्यासारख्याच शुद्ध मराठीत म्हणाले, “घ्या साहेब. आपल्याला आणखी काही हवं आहे का?”