क्लॅरीची रेघ

मिरामबील गावात जुन्या गोष्टींवरून काही अडलं की लोक मर्ल ट्रेगेन्झाकडे जात आणि वर चार बोल ऐकून येत. बंद पडलेल्या रेल्वे स्टेशनातल्या संग्रहालयाची किल्ली तीस वर्षं तिच्याकडेच होती. बँकेची इमारत कुणी पाच वर्षांनी जुनी सांगितली, तर ती भर रस्त्यात त्याला थांबवून दुरुस्त करी. नदीकाठच्या निलगिरीच्या खोडावर या भागात आलेल्या पहिल्या शोधकाने आपल्या नावाची अक्षरं कोरली, असं सारं गाव मानायचं. तो शोधक येऊन गेला तेव्हा झाड उगवलंसुद्धा नव्हतं, हे मर्लने बारा वर्षांपूर्वी दाखवून दिलं आणि तिथली पाटी काढायला लावली. अक्षरं कोरणारे पबवाल्या नॉर्मचे आजोबा निघाले. गाव महिनाभर नॉर्मला हसत होतं.

आता बाई स्वतःच कात्रीत सापडली होती. गावाला दीडशे वर्षं होत होती, म्हणून पबच्या भिंतीवर छप्पन सालच्या महापुराचं पाणी कुठवर चढलं ते दाखवणाऱ्या रेघेशेजारी पितळी पाटी बसणार होती. मजकूर मर्लनेच लिहायचा होता. आणि रेघ खोटी होती. पूर ओसरल्यावर ती तिच्या नवऱ्याने, क्लॅरीने रंगवली होती. शेजारच्या बुरिंगलची रेघ माणसाच्या खांद्याला लागते, म्हणून या पठ्ठ्याने आपली हातभर आणखी वर ओढली. क्लॅरी गेल्यावर गावात त्याची तेवढीच एक खूण उरली होती. ती पुसायची, की जन्मभर दुसऱ्यांना शिकवलेलं खरं आपणच गिळायचं?

शुक्रवारी ती पबमध्ये गेली आणि नॉर्मला सगळं सांगून मोकळी झाली. तो पेला पुसत राहिला.

"ठाऊक आहे मला. त्या पुरात माझा बाप गुडघाभर पाण्यात उभा राहून इथेच बिअर ओतत होता. पाणी त्या रेघेला लागलं असतं तर म्हातारा बुडालाच असता."

"मग मी तुझ्या आजोबांना उघडं पाडलं, तेव्हा बोलला का नाहीस?"

"क्लॅरीला पुरून महिनाही झाला नव्हता, मर्ल."

मर्लला रडू आलं आणि तिने ते लपवलं नाही.

समारंभात पाटीवरचा पडदा सरकला. 'पाणी गुडघ्यापर्यंत आलं होतं. वरची रेघ क्लॅरी ट्रेगेन्झाने गावाच्या प्रेमापोटी ओढली.' बुरिंगलवाले पोट धरून हसले.

सोमवारी मर्ल हातोडी घेऊन नदीकाठी गेली. निलगिरीपाशी तिने नवी पाटी ठोकली, आणि तिच्यावर नॉर्मच्या आजोबांचं पूर्ण नाव होतं.