डब्यातली शालन

अंबरनाथच्या एमायडीसीतल्या पंपाच्या कारखान्यात फोन करणाऱ्याला नाव सांगावं लागत नसे. शालन आवाजावरनंच ओळखायची. ती जांभूळ गावची, लग्न करून बदलापुरात मांजर्लीला आली. पॅकिंगला उभं राहून गुडघे झिजवले, तेव्हा कुठं तिला ही फोनची खुर्ची मिळाली. त्या खुर्चीत तिचा जीव.

आन दोन हजार चार साली कारखान्याचे मालक श्रीपाद साहेबांनी तो डबा आणला. जेवणाच्या डब्याएवढाच, फोनच्या वायरीला जोडून भिंतीला ठोकलेला. विकणारा टायवाला पोपटासारखा बोलत होता, "एकही निरोप हरवणार नाही, साहेब. रविवारी, रात्री, सगळं आपोआप रेकॉर्ड. प्रत्येक साहेबाचा वेगळा कप्पा. पुण्याहून फोन लावून आपले निरोप ऐका. आणि फोन उचलायला माणूसच नको!"

शेवटचं बोलताना मेल्यानं शालनकडं बघितलंसुद्धा नाही.

"शालनताई, महिनाभर चालवून बघू," साहेब म्हणाले. "तोवर तुम्ही स्टोअरला बसा. चालला, तर कायमच्या तिकडंच. आवाज मात्र तुमचाच भरू. गोड आहे."

आता काय बोलाचं! आपल्याच हातानं आपली खुर्ची उचलून द्यायची. दात-ओठ खात तिनं गोड आवाज भरला, "नमस्कार. दुरुस्तीसाठी एक दाबा, विक्रीसाठी दोन दाबा. नाहीतर शिटीनंतर निरोप सांगा. धन्यवाद." आन गेली स्टोअरला, शिडी चढ-उतर करायला. गुडघे रोज शिव्या घालायचे.

आठवडा गेला नसंल, बदलापूरच्या बाजारात रामभाऊंनी गाठलं. बारवी धरणाकडचे म्हातारे शेतकरी, कारखान्याचं जुनं गिऱ्हाईक.

"काय गो शालन, माज आला का तुला? मी सांगतोय पंप तापतो, आन तू आपली मधीच एक दाबा, दोन दाबा! माझ्या फोनला बोट घालून फिरवायची चकती हाय, मी दाबू काय? तसं बोललो, तर तू शिटी मारलीस! बापाच्या वयाच्या माणसाला!"

"ती मशीन व्हती, काका."

"मला शिकवतेस? तुझा आवाज मला कळत नाय?"

घरी मिलिंदला, नवऱ्याला, सांगितलं तर तो हसून लोळला. "कारखान्यात शिट्या मारतेस होय?" शालननं त्याच्या ताटात भाकर आदळली.

मग उल्हासनगरचे जयदेवसेठ, पंपांचे मोठे दुकानदार, थेट कारखान्यातच आले. "श्रीपादजी, आपकी शालन बहन को क्या हुआ? मी विचारतो माल कधी पाठवता, वो बोलती है धन्यवाद!"

साहेबांनी शालनला बोलावलं आन तिच्यासमोर डबा लावला. साहेब लोकांचे कप्पे रिकामे ठणठणीत. कुणी काही दाबलंच नव्हतं. सगळ्यांचा मिळून जो एक कप्पा, तो मात्र गळ्यापर्यंत भरलेला. पहिलाच आवाज, "शालन? हायस का? ...अगो शालन? ...बरं, जेवून घे, मंग करतो." दुसरा रुसलेला. तिसरा सरळ भांडत होता. मधीच कुणाचा पंप, कुणाचा पट्टा, आन पुन्हा शालन, शालन.

साहेबांनी कपाळाला हात लावला. "यातले कामाचे निरोप वेगळे करून द्या, ताई."

"देते की. पण साहेब, स्टोअरातनं ऐकू नाय येत."

साहेबांनी डब्याचं बिल उचलून बघितलं. पैसे तर देऊन बसले होते. "बरं. दिवसा तुम्ही उचला. हा रात्री आणि रविवारी."

शालन खुर्चीत बसली, गुडघे लांब केले. मग डब्याचं बटण दाबून नवीन आवाज भरला, "कारखाना बंद हाय. मी शालन नाय, मशीन हाय. काम असंल तर सांगा, आन माझ्यावर रुसू नका. सकाळी मी स्वतः फोन उचलते."

"अहो, किती रागानं बोललात!" साहेब म्हणाले.

"असू दे," शालन बोलली. "गोड बोलून लई ऐकून घेतलं."