ईडलिंबाची कच्ची बरणी

मंडळी, आज मले चैन नाही. ईडलिंबाच्या लोणच्याची बरणी सकाळपासून सातदा उघडून पाहिली. जाड साल अजून कडूच लागते. लोणचं मुरायले दोन महिने लागतात, अन् माझी पोट्टी परवा नोकरीसाठी पुण्याले चालली. इथल्या गोलबाजारात ही लिंबं यंदा मिळालीच उशिरा!

दुपारी चिडून तिले म्हटलं, "राहू दे, सुट्टीत आली की खाशील."

तर नेहमीसारखी हिंदीतच म्हणते, "मम्मी, कच्चा ही दे दो. वहाँ रोज़ धूप में रख दूँगी."

खोलीचं भाडं, मेस, दाराचं कुलूप, सगळं विचारून झालं होतं माझं. ऊन येते का, हेच राहिलं.

आत्ता विचारलं. म्हणे, "पता नहीं, मम्मी."

तुमच्या पोरींच्या खोलीत ऊन येते का हो?