पाहुण्यांसाठीची कवळी

कवळीवाल्याच्या घरी पाहुणा आला की चहाच्या आधी एक वाक्य ठरलेलं. बायको हात पुसत बाहेर यायची आणि म्हणायची, “अहो, दाखवा ना यांना!”

दिवसभर तो लोकांचे दात बनवायचा. मेणात दात बसव, वरचा-खालचा जबडा जुळव, घासूनपुसून चकचकीत कर, आणि कवळी दवाखान्यात पाठव. घरी आल्यावर मात्र तो स्वतःचं काहीबाही करत बसे. कधी चित्र काढी, कधी लाकूड तासून खोकं बनवी, कधी त्या खोक्याला तारा ताणून वाजवून बघी. बायकोला याचं भारी कौतुक. वाईट काय, तर ते कौतुक तिच्या पोटात राहत नसे. अर्धवट चित्र सकाळी तिच्या नजरेला पडलं की संध्याकाळपर्यंत तिच्या भावाला, शेजाऱ्यांना, गॅसवाल्यालासुद्धा ठाऊक.

मग ती मंडळी येत. एक म्हणे घोड्याचं नाक मोठं झालंय, दुसरा म्हणे स्पर्धेत पाठवा, मेहुणा म्हणे, “दाजी, याला लाल रंग द्या, उठून दिसेल.” बिचारा हसून मान डोलवी. पण इतक्या जणांचे हात फिरलेल्या वस्तूला नंतर त्याचा हात लागत नसे. घोडा अर्धवटच पलंगाखाली गेला.

“पूर्ण झाल्याशिवाय दाखवू नकोस ना,” तो एकदा धीर करून म्हणाला.

“दाखवायचं नाही तर करायचं कशाला?” बायको म्हणाली. तिच्या मनात काही नव्हतं, ती खरंच विचारत होती.

शेवटी त्याने शक्कल लढवली. कामावरची एक बिघडलेली कवळी आणली, डबीवर एका म्हाताऱ्याचा चेहरा रंगवला, तोंडाच्या जागी ती कवळी बसवली आणि मागे दांडी लावली. दांडी फिरवली की म्हातारा टकाटक ताल धरी. तासाभराचं काम! पाहुणे हसून लोळले. बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं हसून हसून. त्या दिवसापासून “दाखवा ना” म्हटलं की म्हातारा बाहेर यायचा, आणि कवळीवाल्याला वाटायचं, चला, सुटलो.

सुटला कसला! मेहुण्याने आपल्या साहेबांसाठी तसाच एक म्हातारा मागितला, शेजारणीने भाच्याच्या वाढदिवसासाठी. नाही म्हणायची जीभ त्याला कधी नव्हतीच. रविवारचे रविवार तो दात वाजवणारे म्हातारे बनवत बसला आणि मनातल्या मनात चरफडत राहिला.

खरं काम तो कामाच्या जागी, प्लास्टरच्या पोत्यांमागे लपवून करत होता. एक चार तारांचं वाद्य. आतल्या बाजूला, तारांखालच्या भोकातून डोकावलं तरच दिसेल असं, एक चित्र होतं: लग्नानंतरच्या भाड्याच्या खोलीची खिडकी, समोरचा जिना, जिन्यावर भांडी घासत बसलेली बायको. आणि तिथे ती गुणगुणायची तेवढी एकच चाल त्याने त्या वाद्यावर बसवली होती. हे ऐकायचं तर तिनेच, आणि ऐकून कुणाला सांगायचं नाही, एवढंच त्याला हवं होतं. म्हणून तर दोन वर्षं तो गप्प होता.

एका रविवारी दुपारी त्याने वाद्य घरी आणलं, दाराला कडी घातली आणि वाजवलं. बायको भिंतीला टेकून उभी राहिली. मग जवळ आली, भोकातून आत पाहिलं आणि बराच वेळ वाकूनच राहिली.

“आपली खोली,” ती म्हणाली. “कधीपासून करताय?”

“झाली दोन वर्षं.”

“आणि तोवर मला ती कवळी?”

“अगं, ती पाहुण्यांसाठी होती.”

“मी पण त्यांच्यातच बसून हसत होते.” तिचा आवाज चढला नाही. “मला वाटायचं, तुमच्या मनातलं मला दिसतंय. म्हणून तर जगाला सांगत सुटायचे.”

त्याला फार वाईट वाटलं. तिचा हात धरावा, सगळं समजावून सांगावं असं वाटत असतानाच बेल वाजली. बायकोने वाद्य उचलून आतल्या कपाटात ठेवलं आणि कडी काढली. मेहुणा होता, सोबत त्याच्या ऑफिसातले दोघे.

“दाजी, यांना मुद्दाम आणलंय. नवीन काय केलंय, दाखवा ना!”

कवळीवाल्याने बायकोकडे पाहिलं. ती पाहुण्यांच्या चपला नीट लावत होती.

“हल्ली काही करत नाहीत ते,” ती म्हणाली, आणि चहा टाकायला आत गेली.

“अरेरे! का हो दाजी?” मेहुण्याने विचारलं.

आपल्याला हेच तर हवं होतं, हे त्याला आठवलं. तरीही करतो, रोज करतो, असं ओरडून सांगावंसं वाटलं. पण सांगितलं असतं तर ते दाखवावं लागलं असतं.

“वेळच मिळत नाही,” तो म्हणाला.