कय्युमभाऊंची पाचवी पट्टी

अमळनेरात कूलर म्हटला की कय्युमभाऊंचा. पत्रा कापणं, जाळीत गवत भरणं, मोटर बसवणं, सगळं एकहाती, तेही तीस वर्षं. वैशाखात भिंतीला पाठ टेकवत नाही अशा या मुलखात त्या माणसाला किती दुवा मिळाल्या असतील, मोजायलाच नको.

आणि त्यांचाच कूलर सुकदेव नानांनी हातगाडीवर घालून परत आणला! नाना अभ्यासिका चालवतात. पोरांची भरतीची परीक्षा आठवड्यावर आलेली.

"भाऊ, हाऊ कूलर शे का पिठनी गिरनी?" नाना म्हणाले. सोमवारपर्यंत आवाज बसला तर ठीक, नाहीतर जळगावहून प्लॅस्टिकचा आणणार.

प्लॅस्टिकचा! कय्युमभाऊंनी कूलर तसाच अंगणात ओढला.

त्यांची लेक खुशनुमा सुट्टीला आलेली. ती पुण्यात पीएचडी करते. वारा कुठं गुरफटतो, त्याचे भोवरे कसे होतात, त्यातून आवाज किती निघतो, हे ती कॉम्प्युटरवर गणितानं काढते. एकेक गणित तीन-तीन दिवस चालतं. तिची आई अमिनाबी म्हणायच्या, "तीन दिवसांत मी ईदच्या शेवया वळून वाळवते."

बापाच्याच नकाशावरून खुशनुमानं या कूलरचं गणित आधीच केलं होतं. उत्तर आलं होतं, आवाज मामुली.

"गणित चुकलं, बेटा."

"गणिताला जे सांगितलं तेच ते मांडतं, अब्बू." तिनं गवताची जाळी काढली आणि डोकं आत घातलं. "नकाशात मोटर धरायला पट्ट्या तीन. इथं चार कशा?"

कय्युमभाऊ खाकरले. त्याचं असं झालं होतं, की पूर्वी एक कूलर एसटीच्या टपावरून चाळीसगावच्या लग्नघरी गेला आणि पोचला तेव्हा मोटर तळाशी लोळत होती. नवरदेवाला हातपंख्यानं वारा घालावा लागला. तेव्हापासून प्रत्येक कूलरला एक पट्टी जास्त. इतकी सवयीची, की नकाशात काढायचंही सुचलं नाही.

खुशनुमा हसत खाली बसली. "पाती चार, पट्ट्या चार. प्रत्येक पट्टीमागं भोवरे. चारी पाती एकाच क्षणी चारी भोवऱ्यांवर आपटतात. चौघं एका सुरात ओरडली तर कान फाटणारच. चौथी काढा."

"ती नाही निघणार. मोटर पडली तर पोरांच्या डोक्यात?"

"मग आवाज राहणार."

कय्युमभाऊंनी दाढी खाजवली. "एकदम आपटू नयेत, एवढंच ना? मग पाच लावतो."

खुशनुमानं आ वासला. पाचांत चार पाती एकदम गाठ घेणार नाहीत, एकामागून एक जातील. "थांबा, गणित लावते. तीन दिवस."

"तू लाव. तोवर मी वेल्डिंग करतो."

सोमवारी कूलर अभ्यासिकेत लागला. कय्युमभाऊंनी बटण दाबलं. नाना कान देऊन उभे.

"भाऊ, चालू शे का बंद?"

समोरच्या पोरीची वही वाऱ्यानं फडफडली. तिनं वर न बघताच त्यावर कोपर ठेवलं आणि वाचत राहिली. नानांनी कय्युमभाऊंचा हात धरला तो सोडेचनात.

तेवढ्यात खुशनुमाचा फोन. "अब्बू, गणित आलं! पाच पट्ट्या चालतील."

"त्याला माझा सलाम सांग," कय्युमभाऊ कुजबुजले, "आणि हळू बोल, पोरं अभ्यास करताहेत."