फ्रिजवाल्याची पहिली बोट

अकरा वर्षं त्यानं फ्रिज विकले. त्याआधी धक्क्यावर त्याला ठोक्या म्हणायचे, कारण बापाबरोबर हातात मोगरी घेऊन लाकडी बोटींचे सांधे ठोकतच तो वाढला. मग फायबरच्या बोटी आल्या, काम आटलं, लग्न झालं आणि मेव्हण्याच्या ओळखीनं दुकानातली नोकरी मिळाली. वाईट काय होतं त्यात? पगार वेळेवर, डोक्यावर पंखा, घरी बायको निर्धास्त. फक्त हात शिवशिवायचे, आणि दुकानात हातांना कोण विचारतो.

एकदा एका आजींच्या वॉशिंग मशीनचं दार लागेना. यानं खिशातून स्क्रूड्रायव्हर काढून दोन मिनिटांत बसवून दिलं. आजी खूश, मॅनेजर लालेलाल. "आपण विकतो. दुरुस्त करत नाही," तो सगळ्यांदेखत म्हणाला. नियमाला धरूनच होतं हो त्याचं. पण ठोक्याच्या ते असं जिव्हारी लागलं की महिनाअखेरीला त्यानं राजीनामा दिला आणि मग घरी सांगितलं. आधी राजीनामा, मग बायको! अशा माणसाला शहाणा कोण म्हणेल?

बायको भांडली असती तर बरं झालं असतं. ती कामापुरतं बोलायची, पुढ्यात ताट ठेवायची आणि तोंड फिरवायची. असे तीन आठवडे गेले.

बापाची बंद शेड झाडून त्यानं पहिलं काम मिळवलं. एका मच्छीमाराची बोट आठ महिने जमिनीवर पडून होती. फळ्या सुकून आकसलेल्या, सांध्यांत करंगळी जाईल एवढ्या फटी. त्यानं फटींत भरलेली जुनी वात उपसली, कापसाची नवी वात बोथट पटाशीनं आत बसवली, वरून डांबर ओतलं. पण सगळं जरा हात राखून. सुकलेलं लाकूड पाण्यात फुगतं. सांधा गच्च भरला तर फळीला फुगायला जागा उरत नाही आणि ती खिळ्यांसकट बाहेर येते. किती हात राखायचा ते बापाच्या हाताला बरोबर कळायचं. याच्या हाताला अकरा वर्षांनी आठवत होतं का? घोडं तिथंच अडलं होतं. बोट बुडाली तर धक्क्यावर पुन्हा कुणी त्याला काम देणार नव्हतं, आणि दुकानात त्याच्या जागी दुसरा माणूस आला होता.

सकाळी बोट पाण्यात उतरवून दोरानं बांधली. ठोक्या आत बसला. पाणीही आत आलं. बघता बघता घोटे बुडाले.

"अरे, बोट आहे का चाळण?" मच्छीमार वरून म्हणाला. "काढ बाहेर."

गिऱ्हाईकाला 'हो साहेब' म्हणायची सवय जिभेला पक्की लागलेली. तरी तो म्हणाला, "थांबा. लाकूड फुगू द्या."

"किती वेळ?"

"फुगेपर्यंत."

बघे जमलेच. "फ्रिजवाल्या, बर्फ कधी होणार?" कुणीतरी विचारलं, बाकीचे हसले. पाणी पोटरीला लागलं.

तेवढ्यात बायको आली. शेजारणीनं कळवलं असणार, अशा कामात तिला कधी उशीर होत नाही. बायको पायऱ्या उतरली, चपला हातात घेतल्या आणि सरळ बोटीत शिरून त्याच्यासमोर बसली. तिला पोहता येत नव्हतं. बघ्यांचं हसणं बंद झालं.

पाणी आणखी दोन बोटं चढलं. मग थांबलं. अर्धा तास झाला, तरी तिथंच. मच्छीमारानं वाकून पाहिलं, पुन्हा पाहिलं आणि एक बादली खाली दिली.

पाणी उपसताना बायकोनं विचारलं, "थांबणार हे नक्की ठाऊक होतं तुम्हाला?"

दुकानात असता तर त्यानं लगेच गॅरंटी दिली असती. "नव्हतं गं," तो म्हणाला. "हातपाय कापत होते माझे."

"ते वरूनच दिसत होतं," ती म्हणाली. "म्हणून तर येऊन बसले."